आधी पदर खोचा!

परवा शेजारच्या वहिनींकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, सगळं अगदी साग्रसंगीत. नवी सून लगबगीनं सगळ्यांना हवं-नको बघत होती. लग्नाला जेमतेम दोन महिने झालेले. डाव्या हातात हिरवा चुडा कोपरापर्यंत भरलेला आणि उजव्या मनगटावर मात्र पांढरीशुभ्र पट्टी.

‘‘काय गं, हाताला काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘विळी लागली, काकू.’’

मी हसले, पण मनात आलं, विळी बोटाला लागते, मनगटाच्या वरच्या बाजूला कशी लागेल? वहिनी कौतुकानं म्हणाल्या, ‘‘कारखान्यात जाते ना, घरातल्या विळीची सवयच नाही तिला!’’ बायका हसल्या. सूनही हसली, पण डोळे खाली घालून.

रात्री ती तबक परत द्यायला आमच्याकडे आली. पडवीत दोघीच होतो. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, ‘‘काकू, विळी नाही लागली. मशीनवर झालं. घरी सांगू नका हं.’’

ही मुलगी दहावीनंतर आयटीआयला गेली. मशिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स तिनं केला. गेली तीन वर्षं मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीन चालवते. लग्नाच्या वेळीच तिनं सांगितलं होतं की नोकरी सोडणार नाही. वहिनींनी ते आनंदानं मान्य केलं. अट एकच होती आणि तीही प्रेमाची, ‘‘वर्षभर चुडा उतरवायचा नाही हो.’’

आणि त्या चुड्यानंच घात केला. बांगड्यांवरून बाहीचं बटण बसेना, म्हणून तिनं बाही तशीच उघडी ठेवली. मशीन चालू असताना कीस बाजूला करायला ब्रश घेऊन हात पुढे केला आणि फिरत्या कटरचा दात बाहीत अडकला. चार बांगड्या फुटल्या, बाही फाटली, काच मनगटात घुसली. डाव्या हातानं तिनं लाल बटण दाबलं म्हणून तीन टाक्यांवर निभावलं. ‘‘काचेच्या होत्या म्हणून फुटल्या, काकू. त्यात सोन्याची पाटली असती ना, तर ती फुटली नसती. हातच आत गेला असता.’’

माझ्या अंगावर काटा आला. ‘‘अगं, मग घरी का नाही सांगितलंस?’’

‘‘सांगितलं तर उद्यापासून जाऊ नको म्हणतील. आणि तिकडे मालक म्हणाले, म्हणूनच मी मुली ठेवायला तयार नव्हतो.’’

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. जखमेपेक्षा मला त्या दोन वाक्यांची जास्त भीती वाटली. घरी सांगितलं तर नोकरी जाणार, कामावर सांगितलं तर ‘मुलगी’ म्हणून नाव खराब होणार. मग मुलगी काय करेल? गप्प बसेल. आणि आज तीन टाक्यांवर निभावलेली गोष्ट जिनं गप्प बसून लपवली, तिला पुढच्या वेळी कोण सावध करणार?

म्हणून मी तिलाच म्हटलं, हे तुझं मशीन असतं तरी कसं, ते मला नीट समजावून सांग. तिनं सांगितलं, आणि ते तुम्हालाही सांगावंसं वाटतंय. कारण आपल्या घरातल्या मुली आता या कामांवर जाणार आहेत. राज्यातल्या आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात. त्या जागांवर बसणाऱ्या मुली आपल्याच आळीतल्या असतात.

नावात ‘मिल’ असली तरी मिलिंग मशीन म्हणजे पिठाची गिरणी नव्हे. आपण नारळ खवतो तेव्हा खवणीचं पातं जागच्या जागी असतं आणि वाटी आपण फिरवतो. इथे उलट. दाते असलेलं पातं, त्याला कटर म्हणतात, ते गरागरा फिरतं आणि लोखंडाचा तुकडा टेबलावर शिकंज्यात घट्ट आवळलेला असतो. टेबलाचं हँडल फिरवलं की तुकडा हळूहळू कटरखाली सरकतो आणि त्यावरून कीस निघत जातो. अशानं लोखंडाला सपाट बाजू करता येते, खाच पाडता येते, गिअरचे दाते कापता येतात. पाण्याच्या पंपाचे, होडीच्या इंजिनाचे कितीतरी सुटे भाग असे तयार होतात.

आता एक साधा हिशेब करा. मिनिटाला सहाशे फेरे घेणारा कटर सेकंदाला दहा फेरे घेतो. त्याला चार दाते असले तर एका सेकंदात चाळीस दाते आपल्या समोरून जातात. ‘अगंबाई!’ म्हणेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. म्हणजे ‘मी हात पटकन मागे घेईन’ या भरवशाला तिथे काही अर्थ नाही. हात तिथे जाताच कामा नये, हाच खरा उपाय.

त्यासाठीचे नियम तिनं बोटांवर मोजून सांगितले. मशीन सुरू करण्याआधी तुकडा घट्ट बसलाय ना, ते तपासायचं. तो सुटला तर खाली पडत नाही, अंगावर उडतो. आवळायला वापरलेला पाना मशीनवर विसरायचा नाही, तोही तसाच उडतो. जुन्या, ढिल्या झालेल्या मशीनवर तुकडा नेहमी कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेनं सरकवायचा. दिशा चुकली तर कटर तुकडा स्वतःच आत ओढून घेतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण कीस गरम असतो आणि धारदारही. तो हातानं काढायचा नाही, तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवायचा नाही. मशीन पूर्ण थांबवायचं आणि मग ब्रशनं सारायचा. माप घ्यायचं असेल, पुसायचं असेल, तरी हाच नियम. आणि बटण बंद केल्यावरही कटर थोडा वेळ फिरत राहतो. आपण पंखा थांबवायला कधी बोट घालतो का? तसंच, तोही हातानं थांबवायचा नाही.

‘‘आणि हातमोजे?’’ मी विचारलं. मला वाटलं, हातमोजे घातले असते तर काच लागली नसती.

ती हसली. ‘‘सगळ्यांना असंच वाटतं, काकू. पण कटर फिरत असताना हातमोजे घालायचेच नाहीत. बोटाला दात लागला तर बोट कापेल. मोज्याला लागला तर मोज्यासकट अख्खा हात ओढला जाईल.’’ कटर बदलताना मात्र मेन स्विच बंद करून तो जाड फडक्यानं धरायचा, कारण थांबलेला कटरही विळीसारखाच कापतो. मोजा कधी घालायचा आणि कधी नाही, एवढं कळलं तरी अर्धं शिक्षण झालं म्हणायचं.

शेवटचा नियम कपड्यांचा. ओढणी नाही, सैल बाही नाही, मोकळे केस नाहीत, वेणी पाठीवर सोडलेली नाही. केस बांधून टोपीच्या आत. अंगठी, घड्याळ, बांगड्या, गळ्यातली साखळी, सगळं उतरवून ठेवायचं. मंगळसूत्रसुद्धा. आत टाकलं तरी चालत नाही, कारण वाकलं की ते बाहेर येतं. आणि हा नियम फक्त बायकांना नाही बरं का! पुरुषांच्या हातातलं कडं, मनगटावरचा लाल दोरा, गळ्यातली रुद्राक्षाची माळ, यांनाही तोच नियम. फिरत्या लोखंडाला सवाष्ण कळत नाही आणि देवाचा दोराही कळत नाही.

हे नियम परदेशातून आलेलं फॅड आहे असं कुणाला वाटत असेल, तर सांगते, तिकडच्या बायकांनाही ते सहज पटले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या हजारो बायका कारखान्यांत कामाला लागल्या. तेव्हा व्हेरॉनिका लेक नावाची नटी फार गाजत होती. एका डोळ्यावर केस सोडायची तिची तऱ्हा पोरींनी उचलली होती आणि तसेच मोकळे केस घेऊन त्या मशीनपाशी उभ्या राहत होत्या. शेवटी १९४३ साली सरकारच्या विनंतीवरून त्या नटीनं स्वतःचे केस वर बांधले आणि इतर बायकांनाही तसं करायला सांगितलं. म्हणजे तिकडेही रीत बदलायला कुणीतरी मोठ्या मानाच्या बाईनं पुढे यावं लागलं.

शिकलेल्या मुलींना हे कळतंच, असंही समजू नका. २०११ साली अमेरिकेतल्या नावाजलेल्या येल विद्यापीठात शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रात्री वर्कशॉपमध्ये एकटीच लेथवर काम करत होती. तिचे केस मशीनमध्ये अडकले आणि ती गेली. जवळ दुसरं माणूस नव्हतं. सरकारी तपासणीत त्या मशीनला पुरेसा आडोसा नसल्यावर बोट ठेवलं गेलं. हुशारी होती, विद्यापीठ मोठं होतं. पण सोबत नव्हती आणि आडोसा नव्हता. मशीनवर एकटीनं काम करायचं नाही, हा नियम म्हणूनच आहे.

आता आपल्याकडचं बघा. १९४८ चा कारखाने कायदा. त्याचं बाविसावं कलम सांगायचं की चालू यंत्राची तपासणी किंवा तेल घालण्याचं काम खास शिकवलेल्या प्रौढ पुरुषानंच करावं, त्यानं अंगाबरोबरचे कपडे घालावेत आणि ते कपडे मालकानं पुरवावेत. आणि बाईला? तिला इजा होण्याचा धोका असेल तर यंत्राची साफसफाई, तेलपाणी करायलाच मनाई. हेतू चांगला असेल, नाही म्हणत नाही. पण गंमत बघा, पुरुषाला शिक्षण आणि कपडे दिले, बाईला नुसती मनाई दिली! तिलाही तेच शिक्षण आणि तेच कपडे देता आले असते की.

कारखान्याचं दार बायकांसाठी हळूहळूच उघडत गेलं. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत ‘महिलांनी अर्ज करू नये’ असं वाचून सुधा मूर्ती, तेव्हाच्या सुधा कुलकर्णी, यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड पाठवलं आणि नोकरी मिळवली, हे आपल्याला माहीत आहेच. आज त्याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात गाड्या जोडणारी एक अख्खी लाइन बायका चालवतात. २०२० साली संसदेनं कामगारांच्या सुरक्षिततेची नवी संहिता केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यात बायकांना सगळ्या प्रकारच्या कामांवर घेण्याचा हक्क दिला आहे. मनाई गेली, चांगलं झालं. पण दहापेक्षा कमी माणसं असलेल्या छोट्या शेडला हे कायदे बहुतेक लागूच होत नाहीत. आपल्या छोट्या गावांतल्या मुली तर अशाच शेडमध्ये कामाला लागतात. तिथे तपासनीस यायचा नाही. तिथे मालक शहाणा हवा आणि घर शहाणं हवं.

घर कसं शहाणं हवं, तर आपल्या आज्यांसारखं! दचकू नका. रत्नागिरी जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली. नुसते पुरुष नाहीत, बायकाही गेल्या. माझी आजी परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. ती सांगायची, खात्यात शिरलं की पहिलं काम पदर खोचायचं. नऊवारीचा काष्टा घट्ट, पदर कमरेला, अंबाडा मानेवर आवळलेला. मगच फिरत्या यंत्रापाशी जायचं. आजही मिरकरवाडा बंदरावर पहाटे जा. मासळीच्या पाट्या उचलणाऱ्या बायकांचा पदर वाऱ्यावर उडताना दिसणार नाही. लावणीला चिखलात उतरलेल्या बाईचाही नाही.

आपल्या भाषेतच ‘पदर खोचून कामाला लागली’ असं म्हणतात. किती कौतुकानं म्हणतो आपण ते! त्या बाईला कुणी निर्लज्ज म्हणत नाही. मग आपल्या सुनेनं कामावर जाताना बांगड्या काढून ठेवल्या, तर ते पदर खोचणंच नव्हे का? पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात पदर गेला, मळणीयंत्रात ओढणी अडकली, मोटरसायकलच्या चाकात साडीचा काठ गुंडाळला, अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. त्यातून शिकायची वेळ आली की मात्र अपशकुन आठवतो.

मला शकुन-अपशकुनाची थट्टा करायची नाही. मंगळसूत्र माझ्याही गळ्यात आहे आणि ते काढताना माझाही हात अडखळतो. पण ज्याच्या आयुष्यासाठी आपण ते घालतो, त्याच्या बायकोचा हात शाबूत राहावा, हेही त्यालाच हवं असेल ना? ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर सगळे दागिने उतरवायला सांगतात, तेव्हा आपण मुकाट्यानं उतरवतो. रोज आठ तास फिरत्या कटरसमोर उभी राहणारी मुलगी त्यापेक्षा वेगळी नाही.

मालकांनाही दोन शब्द. मुलगी जखमी झाली म्हणून ‘मुली नकोत’ म्हणणं सोपं आहे. पण कटरपुढे आडोसा होता का? ती उघड्या बाहीनं मशीनपाशी गेली, तेव्हा कुणी तिला थांबवलं का? लाल बटण चालतंय की नाही, हे रोज सकाळी कोण बघतं? अंगाबरोबरचे कपडे, टोपी, चष्मा तुम्ही दिलात का? पुरुषाचं बोट गेलं तर आपण ‘पुरुष नकोत’ म्हणत नाही, ‘मशीनला गार्ड लावा’ म्हणतो. मुलीच्या बाबतीतही तेवढंच म्हणावं.

आणि मुलींनो, तुम्हाला एकच सांगणं. ‘थोडक्यात वाचले’ ही गोष्ट लपवू नका. ती सांगितली तर पुढच्या मुलीचा हात वाचतो. चूक तुमची असली तरी सांगा. आमच्या या मुलीला नियम तोंडपाठ होता आणि तरीही मशीन न थांबवता तिनं ब्रश पुढे केला, कारण घाई होती. घाई सगळ्यांनाच होते. म्हणून तर बाही बंद हवी आणि हात रिकामा हवा.

मी तिचं गुपित राखलं नाही. तिला विचारूनच, दुसऱ्या दिवशी तिला सोबत घेऊन मी वहिनींकडे गेले. तिनंच सगळं सांगितलं, मी नुसती शेजारी बसले. वहिनी आधी रागावल्या, मग रडल्या. म्हणाल्या, ‘‘माझ्या चुड्यापायी गो, बाय?’’ मला वाटलं, आता नोकरीवर पाणी. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून आत गेल्या आणि देवघरातली कुंकवाची जुनी लाकडी डबी घेऊन आल्या. रिकामी करून, पुसून त्यांनी ती सुनेसमोर ठेवली.

आता रोज सकाळी साडेसातला कामावर निघताना ती मंगळसूत्र आणि उरलेल्या बांगड्या त्या डबीत ठेवते. वहिनी दारात उभ्या राहून बाहीचं बटण लावलंय ना, केस नीट बांधलेत ना, ते बघतात. आणि डबा हातात देताना म्हणतात, ‘‘मशीन थांबवल्याशिवाय हात घालू नको हो. घरी आलीस की घाल सगळं.’’